हिसका कधी मारायचा

सौंसरच्या बस स्टँडवरून बाजारात शिरलं की डाव्या हाताला दोर आणि ताडपत्रीचं एक दुकान लागतं. तिथं मासे पकडायचे गळही मिळतात, आणि ते विकणाऱ्या बाईनं जन्मात मासा खाल्लेला नाही. ती बाई मी. नव्या गिऱ्हाइकाला हे कळलं की तो आधी हसतो, मग हातातला गळ जरा संशयानं उलटा-पालटा करून बघतो. टकल्याकडून कंगवा घेतल्यासारखं वाटत असणार.

दुकान आमच्या ह्यांचं. संत्र्याच्या लदलेल्या फांद्यांना टेकू बांधायची सुतळी, बैलांचे कासरे, कापूस झाकायच्या ताडपत्र्या हा खरा धंदा. मासेमारीचं सामान म्हणजे कोपऱ्यातलं एक काचेचं कपाट. ह्यांना लकवा झाला, उजवी बाजू लुळी पडली, शब्द एकेक करून यायला लागले, तेव्हा मी गल्ल्यावर बसले. त्याआधी मी घरी शिवणकाम करत होते. ब्लाउज, परकर, पोरींचे फ्रॉक. म्हटलं चार महिने बसू. त्याला आता सोळा वर्षं झाली. हे मागच्या खुर्चीवर बसतात, मी पुढे.

दोर लवकर कळला. दोर आणि धागा शेवटी एकाच घरातले. काचेचं कपाट मात्र कळेना. छडी कळली, तिच्यावरची चकरी कळली, तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तीही कळली. गळही कळला, म्हणजे डोळ्यांना कळला. पण त्या गळावरून माणसं माझ्याशी भांडायला का येतात, ते कळायला बरीच वर्षं गेली. तेच सांगायला बसले आहे.

भांडण सुरू झालं रबरी बेडकांपासून. नागपूरचा एक माल पुरवणारा माणूस त्यांचा खोका ठेवून गेला होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बेडूक पोकळ असतो, दोन बोटं रुंद, मऊ रबराचा. पाठीवर दोन गळ अंगाला चिकटून बसलेले, टोकं वर. ती अंगाला चिकटलेली असतात म्हणून शेवाळात अडकत नाहीत. तलावात शेवाळावर हा बेडूक फेकायचा आणि चकरीनं टुकटुक ओढत आणायचा. खाली मरळ असते, मोठा शिकारी मासा. तिला वाटतं खराच बेडूक. ती झडप घालते, तोंडात रबर दाबलं जातं, गळाची टोकं मोकळी होतात, आणि त्याच वेळी माणसानं छडीला हिसका द्यायचा. गळ जबड्यात रुततो. आमच्याकडे ह्याला 'बसणं' म्हणतात. बसला तर मासा, नाही तर नुसताच पाण्याचा आवाज.

पहिला खोका हातोहात खपला. पंधरा दिवसांनी तीच माणसं परत.

"काकू, मेंढक खराब आहे तुमचा."

"काय झालं?"

"मरळ घेते ना जी! धडाम करून घेते. पण बसत नाही. सुटून जाते."

एक नाही, दोन नाही, जो येई तो हेच. एकानं तर बेडूक गल्ल्यावर आपटला आणि म्हणाला, "पांढुर्ण्याले असली माल भेटते. तुम्ही डुप्लिकेट विकून राह्यले."

डुप्लिकेट शब्द मला झोंबला. ह्यांनी आयुष्यभर दोर वार मोजून दिलेला, चार बोटं जास्तच. मी बेडूक हातात घेऊन बसले. शिवणयंत्रावर टाका सुटायला लागला तर शिवणारी बाई कापडाला दोष देत नाही, आधी सुई बघते. मी गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर ठेवून हलकेच ओढलं. धारदार सुई नखावर अडते, पुढं सरकत नाही. हा गळ नखावरून घसरगुंडीसारखा सरकला. दुसरा घेतला, तोही. सगळा खोका बोथट. कारखान्यातूनच तसा आलेला.

धारेचा बारका दगड घरी होताच. मी विकण्याआधी प्रत्येक गळ घासायला लागले. टोकाच्या तिन्ही बाजूंनी, दगड पुढच्या दिशेनं. गिऱ्हाइकं थट्टा करत. "काकू, मेंढकाले नेलपॉलिश लावून राह्यल्या का?" पण दोन आठवड्यांनी थट्टा करणाराच म्हणाला, "काकू, बसला एक." बाजारात ही बातमी किती लवकर फिरते ते मला तेव्हा कळलं.

तरी सगळे बसत नव्हते. आणि इथं कळंबे सर आले.

सर जवळच्या रामाकोना गावचे. गणिताचे मास्तर, निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत, खिशाला कायम दोन पेनं. दर गुरुवारी स्कूटरवरून सौंसरला यायचे आणि तलावावर घालवलेल्या आठवड्याची वही बरोबर आणायचे. वहीत रकाने: जागा, वेळ, घेतली का, बसली का. त्यांनी कधी बेडूक खराब आहे म्हटलं नाही. ते म्हणाले, "वहिनी, सात वेळा घेतली, एकदा बसली. धार तर आहे, मी नखावर पाहिली. मग आता कारण काय?"

असा प्रश्न मला आवडतो. माल परत करणारं गिऱ्हाईक आणि कारण विचारणारं गिऱ्हाईक, दोघांत फार फरक आहे.

मी म्हटलं, "सर, तुम्ही हिसका मारता म्हणजे नेमकं काय करता? करून दाखवा."

दुकानात दोराचं वजन करायचा टांगता काटा होता, स्प्रिंगचा. त्याचा आकडा मी सरांच्या तंगुसाला बांधला आणि काटा दोन्ही हातांनी धरून दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. सर छडी घेऊन गल्लीत मागं मागं गेले, पार कचोरीवाल्याच्या गाडीपलीकडे. मधून एक म्हैस गेली तेवढी थांबलो. मग सरांनी सगळ्या अंगानिशी हिसका मारला. छडी कमानीसारखी वाकली, सरांची टोपी पडली. माझ्या हातातल्या काट्याची सुई जेमतेम थरथरली.

"मारला की!" सर तिकडून ओरडले.

"मला नाही पोचला!" मी ओरडले.

कचोरीवाला झारा हातात धरून बघत राहिला होता. पुन्हा केलं. तेच. मग मी तंगूस नीट बघितला. सर उभे होते तिथून माझ्यापर्यंत तो मध्ये झोळ पडून लोंबत होता, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखा. शिवाय तंगूस स्वतःच रबरासारखा ताणला जातो. सरांचा सगळा जोर तो झोळ काढण्यात आणि तंगूस ताणण्यात खर्च होत होता.

"सर, हिसका तुम्ही मारता, पण तो वाटेतच संपतो," मी म्हटलं. "आधी चकरी फिरवून ढील काढा, दोरी ताठ करा, छडीचं टोक माझ्याकडे खाली आणा, आणि मग मारा."

त्यांनी तसं केलं. सुई उडाली. मग मी तंगूस काढून विणलेला बारीक दोरा लावला. तो ताणला जात नाही, चादरीच्या काठासारखा सरळ. सरांनी हिसका मारला आणि काटा माझ्या हातातून निसटून गल्लीत टणटण करत गेला. मागून आवाज आला म्हणून वळून पाहिलं तर हे खुर्चीवर हसत होते. आजारपणानंतर मी त्यांना तसं पोट धरून हसताना पाहिलं नव्हतं.

त्या महिन्यात सरांच्या वहीतला 'बसली' हा रकाना भरायला लागला, आणि माझ्या डोक्यात हवा शिरली. खरं तेच लिहायचं म्हणून लिहिते. जो येईल त्याला मी सांगायला लागले: गळाला धार ठेवा, विणलेला दोरा घ्या, ढील काढा आणि जोरात हिसका मारा. कधी पाण्यात पाय न घातलेली मी, माणसांना पाण्याच्या गोष्टी सांगत होते, आणि माणसं ऐकत होती.

शेषराव पांढुर्ण्याच्या गाडीवर ड्रायवर होता. आडदांड, हौशी. तो बेडूक घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी भर दुपारी डोक्याला टॉवेल गुंडाळून दुकानात आला. कोपऱ्यात जाऊन, पाठ रस्त्याकडे करून, म्हणाला, "काकू, पक्कड द्या."

"कशाला?"

त्यानं टॉवेल बाजूला केला. कानाच्या पाळीत गळ आरपार आणि त्याला लोंबणारा हिरवा बेडूक. पांढरं पोट, लाल डोळे. हसू येणार होतं, ते तिथंच अडकलं.

"हे कसं झालं?"

"मेंढक ओढून राह्यलो होतो. धडाम आवाज झाला. तुम्ही सांगतलं तसा मारला हिसका, पुरी ताकदीनं. तिनं घेतलंच नव्हतं काकू! मेंढक गोट्यासारखा उडून आला."

"अरे मग दवाखान्यात जा ना! इथं कशाला आलास?"

"कोन्त्या तोंडानं जाऊ? सारे पाहतीन. तुमच्याजवळ पक्कड आहे, काढून द्या."

मी नाही काढला. गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो, मागं ओढला तर मांस फाडून येतो. रिक्षा बोलावून त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी टोक पुढं काढून कापलं आणि गळ मोकळा केला. शेषराव दुसऱ्या दिवशी गाडीवर हजर झाला. कानाला पट्टी, बाकी काही नाही. पण त्याच्या कानापासून डोळा किती बोटं लांब, हे मी स्वतःच्या चेहऱ्यावर मोजून पाहिलं. चार. तो माणूस डोळ्यांवर पोट भरणारा. मी त्याला हिसका कसा मारायचा ते सांगितलं होतं. कधी मारायचा ते सांगितलं नव्हतं, कारण ते मलाच माहीत नव्हतं.

त्यानंतर मी आठवडाभर कपाटाला कुलूप लावलं. गणपत मामा जाळ्याचा दोरा घ्यायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "बाई, हे बंद कायले?"

गणपत मामा कन्हान नदीवर जाळं टाकणारा. वडील तेच करायचे, आजोबा तेच. त्याला रबरी बेडकांचा मनापासून तिटकारा. 'शिकलेल्या लोकायचा खेळ' म्हणायचा. मी त्याला शेषरावची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "मामा, मारायचा कधी?"

त्यानं दोरा बोटाला दोन फेरे गुंडाळला. मग म्हणाला, "डोळ्यानं नाही मारायचा जी. हातानं मारायचा. पान्याचा आवाज झाला म्हन्जे तिनं पाह्यलं. दोरी जड झाली म्हन्जे तिनं घेतलं. आवाजावर जो मारते, थो उपाशी राह्यते."

ह्याहून सोपं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मी ते गुरुवारी सरांना सांगितलं. सरांनी लगेच त्याचं गणित केलं. आवाज झाला की हात आवरायचा आणि मनात बेचा पाढा म्हणायचा. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. तेवढ्यात दोरी जड झाली तर ढील काढून हिसका. जड झाली नाही तर बेडूक तसाच पुढं सरकू द्यायचा, ती परत येते. पुढे सौंसर-रामाकोन्याच्या सगळ्या तलावांवर मोठमोठी माणसं पुटपुटत बेचा पाढा म्हणायला लागली. शेषरावही. तो 'बे पंचे' पर्यंत जातो, भीतीनं.

अशानं मी शिकत गेले. एका हिवाळ्यात पुन्हा तक्रारी आल्या आणि ह्या वेळी चूक सरळ माझी निघाली. वरच्या फळीवर टिनाच्या छपराला लागून दोन उन्हाळे पडलेले बेडूक मी विकत होते. रबर वाळून टणक झालेलं. बोटांनी दाबला तरी दबत नव्हता. मग माशाच्या तोंडात कुठून दबणार आणि गळ कुठून मोकळा होणार? ज्यांना दिले होते त्यांना बोलावून बदलून दिले. तेव्हापासून मी विकायच्या आधी बेडूक मुठीत दाबून बघते, आणि थंडीत नेणाऱ्याला सांगते की फेकायच्या आधी जरा वेळ बंडीच्या खिशात ठेवा.

आता त्या मरळीची गोष्ट.

रामाकोन्याच्या अलीकडे एक जुना तलाव आहे. त्याच्या एका कोपऱ्यात कमळाची पानं दाट आहेत. तिथं एक मोठी मरळ सरांच्या बेडकावर धावायची आणि कधीच बसायची नाही. एका भाद्रपदात तसं झालं होतं, पुढच्या भाद्रपदात पुन्हा तेच. सर हट्टाला पेटले. मासेमारीवरची पावसाळ्यातली सरकारी बंदी ते काटेकोर पाळायचे, छडी माळ्यावर टाकून द्यायचे. पण बंदी उठली की पहिला फेरा त्याच कोपऱ्यात.

"वहिनी, धार आहे, दोरा आहे, पाढा म्हणतो, रबर मऊ आहे," ते म्हणाले. "धडक इतकी जोरात मारते की बेडूक हातभर उडतो. पण दोरी जड होतच नाही. हे काय आहे?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पण नाही म्हणवेना. मी एक नवा बेडूक घेतला, दोन्ही गळांना धार लावली आणि पकडीनं ते अंगापासून किंचित बाहेर वाकवले, दोन केसांइतके. म्हटलं, आता दाबला जाण्याची वाटच बघायला नको, नुसतं तोंड लागलं तरी टोक लागेल.

"हा बसणारच," मी सरांना म्हटलं. मला अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला सरांची स्कूटर दुकानासमोर थांबली. पायांशी झाकणाची बादली होती. सर पायरी चढताना धडपडले, इतकी घाई.

"वहिनी, बसला! पहिल्याच धडकेला! भाऊ, बघा!"

त्यांनी ह्यांच्या खुर्चीकडे वळून झाकण काढलं. मी तोवर मरळ पाहिली होती ती बाजारात, पाटीत मेलेली. ही जिवंत होती. वेटोळं घालून बादलीभर. काळसर हिरवी पाठ, बाजूंना पट्टे, डोकं चपटं, थेट सापाचं. ती डोळे न हलवता बघत होती. मधूनच तोंड पाण्यावर आणून हवा गिळायची.

गणपत मामा दोरा निवडत होता. तो उठून आला आणि बादलीपाशी बसला. त्यानं हात ओला केला, तिला गालाखाली धरून डोकं जरासं वर उचललं आणि जबड्यावर बोट ठेवलं.

"सर, गळ कुठून काढला?"

"इथून. का?"

"हे पाहा ना. भोक बाहेरून आहे. खाल्लं असतं तं गळ आतून लागला असता. हिनं तोंड उघडलंच नाही. नुसती धडक मारली, अन् गळ बाहेरून अडकला." मग त्यानं वर पाहिलं. "थ्या जागी पान्यावर काही दिसलं का? लाल-लाल? उकळल्यासारखं?"

सर आठवायला लागले. "हो. कमळाजवळ. ताटाएवढं. वाटलं किडे असतील."

"किडे नाही जी. पोट्टे होय तिचे."

मग मामानंच सांगितलं. मरळीची पिल्लं लालसर असतात, झुंडीनं राहतात, हवा घ्यायला सारखी वर येतात, म्हणून पाणी उकळल्यासारखं दिसतं. खाली आई-बाप पहारा देतात. बेडूक असो, साप असो, बदक असो, जवळ आलं की धडक मारून हाकलतात. बंदी कागदावर संपते. पण मरळी तारीख पाहून अंडी घालत नाहीत, काहींची पिल्लं उशिरा असतात.

"म्हणजे ती दोन वर्षं बेडूक खायला येतच नव्हती," सर हळू आवाजात म्हणाले. "हाकलायला येत होती."

त्यांनी आपोआप वही उघडली होती. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. उन्हाळ्याच्या पानांवर सुटलेल्या थोड्या. भाद्रपदाच्या पानांवर त्या एकाच कोपऱ्यापुढे 'घेतली, बसली नाही', 'घेतली, बसली नाही', पानभर. इतके दिवस आम्ही दोघं ते पान आमच्या चुकीचं म्हणून वाचत होतो. तिथं आमची चूक नव्हतीच. गळ बसत नव्हता हेच तिथं बरोबर होतं, आणि मी तो पकडीनं वाकवून बसवला होता.

"मामा, ही जगेल?" मी विचारलं.

"मरळ आहे. ओल्या गोनपाटात सांजवरी जगते. पन पोट्टे नाही जगनार. झुंड उघडी पडली म्हन्जे सारे खातात."

तिला लगेच तलावात परत सोडायला हवं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मी दुपारी दुकान सोडून कधी कुठं गेले नव्हते, आणि परक्या माणसाच्या स्कूटरवर मागं बसून भर बाजारातून तर कधीच नाही. हे शब्द गोळा करत होते. ते गोळा होईपर्यंत थांबावं लागतं.

"जा," ते म्हणाले. "मी... बसतो... गल्ल्यावर."

मामानं नवं गोणपाट फाडून, भिजवून तिला त्यात गुंडाळलं, डोकंही झाकलं. अंधार असला की शांत राहते म्हणाला. ते ओझं मांडीवर घेऊन मी सरांच्या मागं बसले. मामा त्याच्या मोपेडवर पुढं. कचोरीवाल्यानं पाहिलं, त्याच्या गिऱ्हाइकांनी पाहिलं, बघोत. वाटेत दोनदा तिनं अंग वळवलं. मला वाटलं नव्हतं माशात इतका जोर असेल. गोणपाटातून माझं लुगडं भिजून गार झालं आणि त्या गारव्याखाली तिचं अंग लांबच लांब, सगळं स्नायूंचं. मी सारखं म्हणत होते, "सर, सावकाश. सर, लवकर."

तलावावर पोचलो तर कमळाच्या वर एक खंड्या पक्षी फिरत होता. निळा. हवेत थांबायचा, सूर मारायचा, वर यायचा, पुन्हा सूर. पाण्यावर ते लाल उकळणं होतं, पण मामा म्हणाला होता तसं एकसंध नाही. तीन तुकडे झालेले, इकडेतिकडे.

मामा कमरेइतक्या पाण्यात गेला. मी काठावरून गोणपाट दिलं. त्यानं ते पाण्याखाली धरून उलगडलं. ती गेली नाही. तिथंच त्याच्या हातांमध्ये पडून राहिली, कल्ले उघडत, मिटत. सर चपला न काढताच पाण्यात उतरले होते.

"गेली का?" मी काठावरून विचारलं.

"थांबा ना बाई."

मग शेपटीचा एक झटका आणि मामाच्या तोंडावर पाणी. ती दिसेनाशी झाली.

आम्ही काठावर बसलो. तीन म्हातारी माणसं, भिजलेली, भर उन्हात, कोणाला सांगता येणार नाही अशा कामासाठी. खंड्या पुन्हा आला. हवेत थांबला. खाली आला, आणि तो पाण्याला लागायच्या आधीच त्याच्याखालचं पाणी फुगून वर आलं. मोठा आवाज झाला. खंड्या किंचाळत उडाला आणि पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला.

सर ताडकन उभे राहिले. "तीच ना?"

"थे नाही तं नर असन," मामा म्हणाला. "कोनाले मालूम? पान्याले विचारा."

ते तुकडे एकत्र आले का, तेवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. पाऊण तासात दोन तुकडे एक झाले. तिसऱ्याचं काय झालं ते सांगता येत नाही.

तेव्हापासून श्रावण लागला की काचेच्या कपाटातले बेडूक मी आत ठेवते ते दसऱ्यापर्यंत. गिऱ्हाईक पांढुर्ण्याला जातं, जाऊ दे. इतर दिवसांत गळ घासून देते, दाबून देते, पाढा सांगते, आणि वर विचारते, पाण्यावर लाल काही दिसलं तर काय कराल? उत्तर नाही आलं तर मी सांगते. गळ बाहेर वाकवून देणं मी बंद केलं. ते मागणारे अजून येतात. सर अजून येतात. त्यांच्या वहीत एक रकाना वाढला आहे, 'भूक की राग', आणि तो भरताना ते मला विचारतात. मला दर वेळी सांगता येतंच असं नाही.

पण त्या दिवसाचं एवढं पुरं करते. दुकानात परतले तेव्हा दुपार कलली होती. हे गल्ल्यावर डाव्या हातानं काहीतरी लिहीत बसले होते, समोर अर्धा कापलेला कासरा. मी लुगड्याचा पदर पिळला आणि पाण्याचा तांब्या उचलला. ते माझ्याकडे बघत होते. ह्या माणसानं तीस वर्षं गळ विकले होते. पण बादलीत वेटोळं घातलेली सोडली तर मोकळ्या पाण्यातली मरळ त्यानंही पाहिलेली नव्हती.

"दिसली?" त्यांनी विचारलं.

"दिसली."

ते थांबले. पुढचे शब्द यायला वेळ लागला, पण मी मधे बोलले नाही.

"सांग... कशी... जाते ती?"

मी तांब्या खाली ठेवला, दुकानाचं अर्धं शटर ओढलं, त्यांच्या खुर्चीजवळ स्टूल घेतलं आणि भिजलेला हात पाण्यात असल्यासारखा हळूहळू वळवून त्यांना दाखवायला लागले.